गाडीचा हीटर गार हवा मारतोय? आधी दोन पाइप हाताने चाचपा

थंडी पडली की आपल्या या पानावर हीटरची पत्रं येतात, यंदा जरा जास्तच आलीत. निफाडच्या पत्रात जवळजवळ सगळंच आलंय म्हणून ते आधी आणि सविस्तर घेतो, बाकीच्यांनी आपल्या उत्तराआधी ते वाचावं म्हणजे मला तेच तेच परत सांगावं लागणार नाही.

प्रश्न : काका नमस्कार. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. घरची गाडी २००३ ची डिझेल, नऊ सीटर, इंजिन अजून ठणठणीत. काढणी सुरू झाली की पहाटे साडेचारला मजूर आणायला निघावं लागतं, तेव्हा काचेवर आतून वाफ धरते आणि हीटर फुल केला तरी नुसती गार हवा येते. इंजिनच्या टेंपरेचरचा काटा मात्र बरोबर मध्ये येऊन थांबतो. दोन वर्षांपूर्वी कसारा घाटात रेडिएटर लीक झाला होता, तेव्हा ड्रायव्हरने त्यात हळद टाकली आणि गाडी घरापर्यंत आणली, नंतर रेडिएटर बदलला. पाणी आमच्याकडे बोअरचं, तेच टाकत आलोय. गॅरेजवाला म्हणतो हीटर कॉइल चोक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, खर्च परवडायचा नाही, त्यापेक्षा दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर बायपास करू. करू का? की घरी साफ होतं ते?

उत्तर : भाऊ, बायपास लगेच नका करू. घरी साफ होतं, निदान प्रयत्न करण्यासारखं तरी नक्कीच आहे, आणि खर्च म्हणाल तर दोन मीटर पाइप, चार क्लिपा आणि पाच लिटर कूलंट एवढाच.

हीटर म्हणजे चैन असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात कारण आपण उन्हाळ्याची माणसं. पण कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा किती खाली जातो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता, बागेत धूर करायची वेळ येते त्या पहाटे गाडीत आठ माणसं श्वास घेत बसलेली, बाहेर धुकं, आणि काचेवर आतून वाफ. अशा वेळी ड्रायव्हर एका हाताने फडकं फिरवत गाडी चालवतो. समोरून उसाची ट्रॉली येत असते आणि तिला मागे लाल दिवा तर सोडाच, पुढेही एकच दिवा असतो. म्हणून मी हीटरला ब्रेकच्या खालोखाल मानतो. दुसरं असं की घाटात इंजिन तापायला लागलं तर हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल करायचा, इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते आणि गाडी सावलीला लावेपर्यंत निभावतं. बायपास केला की तोही आधार गेला.

आता चोक का होतं ते बघा. हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटर, वहीएवढा. इंजिनच्या हेडपासून एक पाइप गरम पाणी घेऊन त्यात जातो आणि दुसरा तिथून परत वॉटर पंपाकडे येतो, गॅरेजमध्ये ज्याला वॉटर बॉडी म्हणतात त्याच्याकडे. कॉइलमधल्या नळ्या मोठ्या रेडिएटरपेक्षाही बारीक आणि पाण्याचा जोर तिथे कमी, त्यामुळे इंजिनात जे काही सुटं फिरत असेल ते शेवटी तिथेच जाऊन बसतं. बोअरचं पाणी तापलं की त्यातला चुना सुटून चिकटतो, घरच्या गिझरमध्ये किंवा पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरतो ना, तोच. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, कूलंट नसलं की तो आतून गंजतो, तो लाल गाळ वेगळा. आणि वरून हळद. हळद पाण्यात विरघळत नाही, फुगते, म्हणून तर ती रेडिएटरचं भोक बुजवते, पण तिला भोक कुठलं आणि कॉइलची नळी कुठली हे कळत नाही. तुमच्या ड्रायव्हरला मी दोष देणार नाही, रात्री घाटात माणसं घेऊन अडकण्यापेक्षा त्याने केलं ते बरोबर केलं. चूक नंतर झाली. रेडिएटर बदलला तेव्हाच इंजिन आणि कॉइल धुवून घ्यायला हवी होती, ती हळद तर आतच राहिली. शिवाय तुम्ही वर्षातले नऊ-दहा महिने हीटर बंद ठेवत असणार, आणि ज्या गाड्यांत हीटरच्या पाइपवर कॉक असतो त्यात कॉक बंद म्हणजे कॉइलमधलं पाणी उभं, मग गाळ निवांत खाली बसतो.

पण हे सगळं मी तुमच्या गॅरेजवाल्यावर विश्वास ठेवून म्हणतोय, आधी खात्री करा. गाडी वीस मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा, हीटर फुल गरमवर ठेवा, ब्लोअर चालू, मग बोनेट उघडून इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून आत जाणारे ते दोन पाइप हाताने चाचपा, फडकं धरून, कारण चांगला गरम असेल तर हात ठेववत नाही, आणि शर्टाची बाही पंख्यापासून सांभाळा. दोन्ही पाइप चटका बसण्याइतके गरम असतील तर कॉइलमधून पाणी वाहतंय, मग दोष बहुतेक आतल्या झडपेचा, जी हवा गरम बाजूला वळवते तिची केबल निसटली असेल, आणि ते काम शे-दोनशे रुपयांत होतं. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे का, आत हवा अडकलीये का, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की मगच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडाच राहिलाय का ते बघायचं. तुमचा काटा मध्ये येतो म्हणजे थर्मोस्टॅट बहुधा ठीक आहे. एक पाइप कडक गरम आणि दुसरा गार किंवा कोमट, तर पाणी आत जातंय पण पलीकडे निघत नाही. तेव्हा आधी कॉक बघा, केबल हलते पण कॉक आत जाम असतो असं खूपदा होतं. कॉक उघडा असूनही एक पाइप गार, तर मग कॉइल चोक हे पक्कं. कुणाकडे बंदुकीसारखा थर्मामीटर असेल तर दोन्ही पाइपांवर मारून बघा, दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो, चाळीस अंशांचा फरक आला तर शंकाच नको.

आता काम. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हात लावायचा, म्हणजे रात्री उभी केलेली गाडी सकाळी. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, असे भाजलेले लोक मी पाहिलेत, घाई करू नका. खाली घमेलं ठेवून रेडिएटरचं पाणी सोडून द्या. मग हीटरचे दोन्ही पाइप पत्र्याजवळ सोडवायचे, आणि आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा कुठला कुठे होता त्याचा. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. वीस वर्षांचं रबर कॉइलच्या नळीला चिकटून बसलेलं असतं आणि माणूस पक्कड लावून पिळतो. ती नळी पातळ पितळेची नाहीतर ॲल्युमिनियमची असते, पिळली की जोडातून सुटते, मग खरोखरच डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. पाइप हलत नसेल तर ओढत बसू नका, कटरने लांबीच्या दिशेने हलकेच चिरा आणि सालीसारखा सोलून काढा, कटर नळीला लागू देऊ नका. रबर पाइप नवीन मिळतो, आणि एवढा जुना पाइप तसाही बदलायलाच हवा. मापासाठी जुना तुकडा दुकानात घेऊन जा.

कॉइलच्या दोन्ही तोंडांना तुमचे स्वतःचे हातभर-दीड हात लांब पाइप जोडा, पारदर्शक मिळाले तर फार चांगलं, काय निघतंय ते दिसतं. आता पाणी उलटं सोडायचं. म्हणजे जिथून पाणी एरवी बाहेर येतं त्या तोंडातून आत, आणि घाण जिथून शिरली त्याच वाटेने बाहेर. मोरीत अडकलेला कचरा पुढे ढकलला की जास्त घट्ट बसतो, मागे ओढला की सुटतो, तसंच. बाहेर येणारं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या.

जोर किती ठेवायचा हे नीट समजून घ्या. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर बहुतेक ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या बारपर्यंत ती सिस्टिम काम करते. पाण्याच्या टाकीचं गणित सोपं आहे, दहा मीटर उंचीला साधारण एक बार. तुमच्या स्लॅबवरची टाकी पाच-सहा मीटरवर असेल तर अर्धा बार मिळतो, तेवढा या कामाला पुरे आहे. शेतातली मोटर थेट जोडू नका, सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप तर अजिबात नको, आणि टायरवाल्याची हवाही नको, तिचा दाब सात-आठ बार असतो. मी गॅरेज नवीन काढलं तेव्हा घाईत एका गाडीला अशीच हवा मारली होती, कॉइल आतल्या आत फाटली आणि सगळं पाणी गिऱ्हाइकाच्या गाडीत, सीटखालच्या कार्पेटवर. त्यांना नवीन कॉइल स्वखर्चाने घालून दिली, दोन दिवस गेले त्यात. त्यानंतर टाकीच्या पाण्याशिवाय दुसरं काही वापरलं नाही.

दोन मिनिटं उलटं, मग पाइप बदलून दोन मिनिटं सुलटं, परत उलटं, असं सात-आठ वेळा करा, आणि मधेमधे पाइप दाबून पाणी थांबवा आणि सोडा, त्या धक्क्याने गाळ हलतो. तुमच्या गाडीत आधी तपकिरी पाणी येईल, मग लाल, आणि हळदीचे पिवळसर चिकट तुकडे. किती मोकळं झालं हे कळायला एक युक्ती आहे, आधी नुसत्या पाइपने बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग तेच पाणी कॉइलमधून घेऊन मोजा. दीडपट वेळ लागला तर उत्तम, तिप्पट-चौपट लागत असेल तर अजून अडकलेलं आहे.

अडकलेलं असेल तर पुढची पायरी. हळदीसाठी आधी गरम पाण्यात चमचाभर भांड्याचं लिक्विड घालून कॉइल भरून अर्धा तास ठेवा आणि परत मागेपुढे धुवा, कारण हळदीला ॲसिड काही करत नाही. मग चुना आणि गंज यांच्यासाठी लिंबूसत्व, किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं तेच सायट्रिक ॲसिड. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम, बास. दोन्ही पाइपांची तोंडं वर बांधून एकातून नरसाळ्याने ओता, दुसऱ्यात पाणी दिसलं की थांबा. कॉइलमध्ये एक लिटरसुद्धा मावत नाही. चुना असेल तर बुडबुडे येतील, ते चांगलं लक्षण, पण तोंडावर बूच लावू नका, गॅस जाऊ द्या. अर्ध्या तासाने धुवा, पाणी परत हिरवट-लाल आलं तर अजून एकदा. रात्रभर ठेवायचा मोह होतो, नका ठेवू, जुन्या कॉइलचे डाग दिलेले जोड आणि ॲल्युमिनियम दोन्हीला ते सोसत नाही. शेवटी खायचा सोडा, लिटरला चमचाभर, फिरवून घ्या म्हणजे उरलेलं ॲसिड मरतं, आणि भरपूर साध्या पाण्याने धुवून अखेरचं पाणी बॅटरीवालं डिस्टिल्ड घाला, बोअरचं आत ठेवू नका.

एवढं करून लगेच पाइप जोडलात तर महिन्याभरात परत तेच. इंजिनातला गाळ अजून तिथेच आहे ना. म्हणून थर्मोस्टॅट काढून इंजिन आणि रेडिएटरमधूनही नळीने पाणी सोडा, ब्लॉकला खाली ड्रेनचा बोल्ट असतो तो उघडता आला तर उघडा, बराच चिखल तिथूनच पडतो. मग थर्मोस्टॅट परत बसवा. आपल्याकडे तो काढून फेकून द्यायची सवय आहे, त्याने इंजिन कधी धड गरमच होत नाही आणि मग हीटर कसा गरम होणार. त्यानंतर कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. तयार मिसळलेलं घेतलं तर त्यात पाणी घालू नका, हे डब्यावर वाचून घ्या. निफाडला पाणी गोठेल म्हणून कूलंट नाही घालायचं, त्यात गंज रोखणारं औषध असतं त्यासाठी घालायचं. आणि हिरव्यात लाल, लालात निळं असं मिसळू नका, रंगावरून जातही कळत नाही, गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या.

हवा काढणं राहिलं. गाडी चढावर तोंड वर करून उभी करा, हीटर फुल गरम, झाकण उघडं, इंजिन गार असतानाच सुरू करा आणि हळूहळू गरम होऊ द्या. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, भरत रहा, रेडिएटरचा वरचा मोठा पाइप हाताने दाबत रहा. तो पाइप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, बुडबुडे थांबले की झाकण लावा. डॅशबोर्डच्या मागे खळखळ आवाज आला तर हवा अजून आहे, दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर परत बघा. तीन दिवस रोज सकाळी पातळी बघायचीच.

आणि ते काढलेलं जुनं पाणी, त्यात कूलंटचा अंश असेल तर बांधावर किंवा गटारात ओतू नका. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या निकामी होऊन मरतात, लहान मुलांनाही तोच धोका. कॅनमध्ये भरून, झाकण लावून, जुनं ऑइल नेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

एवढं सगळं दोनदा करून बादलीचा वेळ सुधारला नाही तर समजायचं नळ्या कायमच्या बुजल्यात, मग नवीन कॉइल. तो निर्णय सुगी संपल्यावर घ्या, घाईत डॅशबोर्ड उतरवलेली गाडी पुढे कायम खडखडत राहते. तोपर्यंत बायपास करायचाच झाला तर दोन्ही तोंडं बुजवू नका, पाइपाचा वळसा देऊन पाणी फिरतं ठेवा, काही इंजिनांना थर्मोस्टॅट वेळेवर उघडायला तो प्रवाह लागतो.

प्रश्न : सर, सोलापूरहून लिहितोय. आमचा फिटर म्हणतो संडास धुवायचं ॲसिड पातळ करून टाकलं की पाच मिनिटांत कॉइल साफ होते, त्याने खूप गाड्यांना केलंय म्हणे. टाकू का?

उत्तर : नाही. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते चुना पाच मिनिटांत खातं हे खरं आहे, पण त्याच पाच मिनिटांत ॲल्युमिनियमही खायला लागतं, आणि जी भोकं गाळाने बुजलेली होती ती उघडी पडतात. कॉस्टिक सोड्याचंही तेच. त्याने केलेल्या गाड्या सहा महिन्यांनी कुणाकडे गेल्या हे त्यालाही माहीत नसणार. सोलापूरचं पाणी जड आहे, तुम्ही लिंबूसत्वाला अर्ध्या तासाऐवजी दोन-तीन वेळा अर्धा अर्धा तास द्या.

प्रश्न : दादा, मी महाडला शिक्षिका आहे, दर शनिवारी आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला सासरी जाते. पावसात काच इतकी धूसर होते की रडू येतं. हीटर लावला तर जास्तच वाफ येते असं वाटतं. गाडी चौदा वर्षांची. माझीही कॉइल चोक असेल का?

उत्तर : ताई, तुमचा हीटर गरम हवा देतोय असं पत्रावरून दिसतंय, मग कॉइलला हात लावू नका. तुम्ही बहुतेक आतली हवा आतच फिरवणारं बटण दाबून ठेवता, पावसाचा वास किंवा धूळ नको म्हणून आपण सगळेच ठेवतो. ओले कपडे, छत्री, श्वास, सगळी ओल आतच फिरते. बाहेरची हवा घेणारं बटण लावा, हवा काचेकडे वळवा, आणि एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू करा. लोकांना हे विचित्र वाटतं, पण एसी हवेतलं पाणी काढून टाकतो आणि हीटर तीच कोरडी हवा गरम करून काचेवर मारतो, मिनिट-दोन मिनिटांत काच साफ होते. वाफ बाहेरच्या बाजूने धरली असेल तर वायपरने जाते, तेव्हा मात्र एसीची गार हवा काचेवरून हटवा. काच आतून एकदा कागदाने स्वच्छ पुसून घ्या, तेलकट काचेवर वाफ लवकर धरते. घाटात दिसेनासं झालं तर पुसत पुसत पुढे जाऊ नका, रुंद जागा बघून दिवे चालू ठेवून थांबा.

प्रश्न : हीटर लावला की गोडसर वास येतो, काचेवर आतून चिकट थर बसतो आणि डाव्या बाजूचं कार्पेट ओलं राहतं. एसीचं पाणी असेल का? कॉइल धुतली तर फरक पडेल का? एक वाचक, कऱ्हाड.

उत्तर : एसीच्या पाण्याला वास नसतो आणि ते चिकटही नसतं. तुमची कॉइल गळतेय. धुतली तर भोक मोठं होईल. लीक बंद करायची पावडर किंवा हळद टाकायचा विचार मनात आला असेल तर वरचं निफाडचं पत्र परत वाचा. एकदा फक्त पाइपच्या क्लिपा तपासा, कधीकधी गळती पत्र्याजवळच्या जोडाची असते आणि पाणी आत वाहतं. ती नसेल तर कॉइल बदलायचीच आहे, आणि ती होईपर्यंत वळसा देऊन बायपास करा, तुमच्याकडे बायपास योग्य आहे. कार्पेट काढून वाळवा, नाहीतर खालचा पत्रा सडतो. रोज कूलंटची पातळी बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

प्रश्न : आमी फोंड्याचे. गोव्यात हीटर कोण लावतो? बारा वर्षांत एकदाही लावला नाही, तरी काही करायला हवं काय?

उत्तर : महिन्यातून एकदा दहा मिनिटं इंजिन गरम असताना फुल गरमवर ठेवा, खिडक्या उघड्या ठेवून. कॉक जाम होत नाही आणि आतलं पाणी फिरतं. बारा वर्षांनी पहिल्यांदाच लावणार असाल तर आधी कूलंट बदला, मग लावा, आणि लावल्यावर बोनेट उघडून कॉकपाशी थेंब येतोय का ते बघा, जुनी प्लॅस्टिकची कॉक पहिल्या फिरवण्याला तडकते.

प्रश्न : काका, मी मूळ सांगलीचा, सहा वर्षं कॅनडात एडमंटनला आहे. इथे वापरायला नव्वदच्या दशकातली जुनी जीप घेतली, हीटर फक्त कोमट. बाहेर उणे २५ आहे. गॅरेज नाही, गाडी रस्त्यावरच असते. निफाडसारखं धुऊन काढू का?

उत्तर : बाळा, आत्ता नको. बाहेर उणे २५ असताना कॉइलमध्ये साधं पाणी सोडलंस आणि मधे फोन वाजला म्हणून पंधरा मिनिटं थांबलास तर ते पाणी गोठेल, फुगेल आणि कॉइल फोडेल. हे काम तिकडे एकतर गरम शेडमध्ये किंवा बर्फ वितळल्यावर. तासाच्या भाड्याने जागा देणारी गॅरेजं तुमच्याकडे असतात, तिथे कर, पण मधे गाडी बाहेर काढायची नाही.

तोवर दोन गोष्टी बघ. थर्मोस्टॅट आधी, कारण तुझी तक्रार कोमटची आहे, गारची नाही, आणि एवढ्या थंडीत थर्मोस्टॅट थोडा जरी उघडा राहिला तरी इंजिन तापतच नाही. काटा मधल्या खुणेच्या खाली राहतो का ते सांग. दुसरं म्हणजे कूलंटची ताकद मोजून घे, दुकानात साधं मोजायचं यंत्र मिळतं. अर्धं-अर्धं असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं, कूलंट साठ आणि पाणी चाळीस केलंस तर उणे ५० च्या आसपास, त्याच्या फार पुढे कूलंट वाढवून उपयोग नाही, उलट नुसतं कूलंट उणे १३ लाच गोठायला लागतं. शेडमध्ये धुशील तेव्हा हे लक्षात ठेव की कॉइलमध्ये, इंजिनात खूप साधं पाणी मागे राहतं आणि ते नंतर भरलेल्या कूलंटला पातळ करतं. म्हणून शेवटी कॉइलच्या पाइपातून तोंडाने फुंकून पाणी काढ, इंजिनात आधी नुसतं कूलंट हिशोबाने निम्म्या मापाचं ओत आणि मग वरून डिस्टिल्ड पाणी, आणि गाडी गरम करून, फिरवून, परत मोजूनच बाहेर रस्त्यावर लाव. ब्लॉक हीटर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, असेल तर रात्री तो प्लगला जोडायला विसरू नकोस, आणि डिकीत एक जाड गोधडी टाकून ठेव, हीटर पूर्ण बरा होईपर्यंत शहराबाहेर जाऊ नकोस.